काळ्या मुठीचं झाकण

सोमवार, ४ ऑगस्ट

आदरणीय विहीणबाईंना
सादर नमस्कार.

पत्राची सुरुवात खुशालीने करायची असते हे मला कळतं. पण सकाळपासून कानात एकच आवाज बसलाय. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं सुचेल. टक्, ठोक, ठोक. एक हलका, दोन जड. सातवीच्या वर्गात कवितेचा तास सुरू झाला की पुढच्या बाकावर बसून तुम्ही बोटांच्या पेरांनी ही चाल वाजवायचात, आणि मागच्या बाकावर मी ओठांतल्या ओठांत शब्द घोळवायचो. 'नदी वाहते ही कुणाला कळेना, उभा मी इथे, पूल काही दिसेना.' ही कविता आपल्या पुस्तकात नव्हती. गुरुजींनी स्वतःच रचलेली असावी आणि लाजून सांगितलं नसावं, असं मला हल्ली वाटतं. त्या वयात आपल्याला नदीचंही काही नव्हतं आणि पुलाचंही. आपल्याला फक्त ठोका चुकू द्यायचा नव्हता.

आणि मग इतक्या वर्षांनी माझ्या मिठूला स्थळ सांगून आलं, मुलाकडची मंडळी आली, आणि बघतो तर मुलाची आई म्हणजे तुम्ही! चहा यायच्या आत तुम्ही टेबलावर टक्-ठोक-ठोक केलंत आणि मी सगळी कविता म्हणून दाखवली. दोन्हीकडची माणसं हसून बेजार. त्या दिवशी मुलाच्या धंद्याची चौकशी झाली, शिक्षणाची झाली. स्वभावाची राहिली. कवितेतच वेळ गेला.

असो. आम्ही दोघं बरे आहोत. नवी जागा दोन खोल्यांची, तळमजल्यावर. शेजारी टायरवाला आहे, त्याचं हवा भरायचं यंत्र दिवसभर दम लागलेल्या माणसासारखं धापा टाकत असतं. पत्ता मुद्दामच लिहीत नाही, राग मानू नका. मिठूने आल्या आल्या दाराला दोन जास्तीच्या कड्या बसवून घेतल्या. सुतार म्हणाला, "काय ताई, आत तिजोरी ठेवणार काय?"

"नाही, बाबांना ठेवणार आहे," मिठू म्हणाली.

मी हसलो. तीही हसली, थोडंसं. लहानपणी तोंडाला खळ नव्हता म्हणून तिचं नाव मिठू पडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता जेवताना मीठ हवं असलं तर हात पुढे करते, मागत नाही. काम मात्र चोख. त्याच लॅबमध्ये आहे, रक्त काढायच्या खुर्चीपाशी. लहान मुलं रडायच्या आत तिची सुई बाहेर आलेली असते.

माझे दिवस एका सरकारी कामात जातात. मिठूने रिव्हॉल्वर जवळ बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. हे वाक्य मीच लिहिलं, तरी परत वाचताना दुसऱ्या कुणाच्या घरातलं वाटतं. तिला रोज रजा मिळत नाही म्हणून कचेरीत मी जाऊन बसतो. आधी साहेब नव्हते. मग साहेब होते, पण फाइल पोलीस चौकीत होती. फाइल आली तेव्हा साहेब दौऱ्यावर गेले. गंमत म्हणजे त्या खिडकीवरची 'शस्त्र परवाना' ही पाटी माझ्याच हातची आहे. भर उमेदीत रंगवली होती. पुढे जागा कमी पडली म्हणून 'ना' जरा अंग चोरून उभा आहे. पाटीखालच्या बाकावर बसलो की मी त्या 'ना'कडे बघत राहतो. रंग मात्र चांगला टिकला, हे कुणालाही मान्य करावं लागेल.

नेमबाजी शिकल्याचा दाखला लागतो, तो तिने आणला. शिकवणारे म्हणाले, "काका, हिचा हात हलतच नाही. अशी माणसं फार थोडी." मला अभिमान वाटला, मग अभिमान वाटल्याचं कसंसंच झालं.

अर्जाचा मजकूर अर्थात मी लिहिला. घरात अक्षर माझं, भाषाही माझी. तो पहिल्या फेरीतच चौकीच्या शेऱ्यासकट परत आला. कारकुनाने खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवला: "'आमच्या कन्येच्या संसाराच्या आकाशी काही काळ मेघ दाटून आले असून...' काका, हे हवामान खातं नाही." रांगेतली माणसं हसली. मीही हसलो.

हे पत्र तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतोय. ग्रंथपालबाई विश्वासाच्या आहेत असं तुम्हीच एकदा म्हणाला होता. सवडीने आमच्या जुन्या पत्त्यावर एक ओळ पाठवा, तिथलं टपाल पोस्टवाले इकडे वळवतात. चिरंजीवांना आशीर्वाद कळवण्याची पद्धत आहे. या खेपेला ते राहू द्या.

आपला नम्र,
व्याही



गुरुवार, २१ ऑगस्ट

विहीणबाईंना
नमस्कार.

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललो होतो असंही नाही. पण टायरवाल्याकडे टपाल टाकून जातात, तेव्हा दिवसातून एकदा तिकडे चक्कर होतेच. तो म्हणतो, "काका, तुमची कुठे नोकरीबिकरी लागायची आहे काय?"

गेल्या आठवड्यात चिरंजीव मिठूच्या लॅबमध्ये येऊन गेले. तुम्हाला सांगून आले असतील असं वाटत नाही. पावती फाडली, टोकन घेतलं, बाकावर इतर माणसांमध्ये गुपचूप बसले. नंबर आला तेव्हा मिठूच्या समोरच्या खुर्चीत येऊन बाही वर केली आणि हात पुढे ठेवला. माणसांनी खोली भरलेली. काय करणार ती? पट्टा बांधला, शीर चाचपली, रक्त काढलं. कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते. तेव्हा ते म्हणाले, "अजून सापडते की तुला." आणि रिपोर्ट कधी मिळेल ते विचारून निघून गेले.

त्यानंतर तिने आणखी पंधरा-वीस जणांचं रक्त काढलं. घरी आली आणि मोरीत बसून उलटी केली. मी पाणी घेऊन उभा राहिलो. अशा वेळी मला कविता आठवतात, विहीणबाई. हा माझा किती मोठा दोष आहे हे मला त्या मोरीच्या दारात कळलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो. तिथला हवालदार माणूस वाईट नाही. त्याने मिठूला पंख्याखालची खुर्ची दिली.

"ताई, तोंडाने काही बोलला का? मारीन, जीव घेईन, असलं काही?"

"म्हणाला, अजून सापडते तुला."

"काय सापडते?"

"शीर."

त्याने पेन खाली ठेवलं. "आता यात मी काय लिहू? रक्त तपासायला आला आणि शीर सापडली, असं लिहू? वरचे साहेब मलाच तपासून घे म्हणतील." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "परवान्याला कारण लागतं. कारण घडून गेल्यावर परवाना कशाला लागेल, हे मला विचारू नका. धमकी ऐकलेलं माणूस आणा. तुमच्या घरातलं नको, त्यांच्या घरातलं आणा. जबाब झाला की अहवाल मी स्वतः नेऊन देतो."

त्यांच्या घरातलं. बाहेर आल्यावर मिठू चपला घालत म्हणाली, "त्यांच्या घरात आहे कोण? दोन माणसं. एक बोलणारं, एक ऐकणारं."

मिठूने धमकीच्या त्या रात्रीची हकिगत मला एकदाच सांगितली, आणि तीही भाजी निवडता निवडता. तुमच्या जेवणघरात तिघंही जेवायला बसलेले. त्याने कमरेचं रिव्हॉल्वर काढून आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "यात सहा आहेत. ही घराबाहेर गेली तर पाच राहतील." एवढंच, आणि भात मागितला. तुम्ही उठलात. मिठूला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही पातेल्यावरचं झाकण उचललंत, ते काळ्या मुठीचं, आणि त्या रिव्हॉल्वरवर ठेवलंत. माशी बसू नये म्हणून ठेवावं तसं. आणि भात वाढलात.

मी तुम्हाला दोष देत नाहीये. उलट ते ऐकून मला माझा अर्ज आठवला. कारकून हसला तेव्हा मी म्हटलं, मला साधं लिहिता येत नाही. ते खरं नव्हतं. आयुष्यभर पाट्या रंगवल्या मी. 'धोका', 'आत येऊ नये', 'विद्युत प्रवाह चालू आहे'. दोन शब्दांत मरण लिहायची सवय आहे या हाताला. तरी जावयाबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा डोळ्यांसमोर पुढचा बाक आला, आणि वाटलं, तिच्या मुलाबद्दल सरकारदरबारी असं कसं लिहायचं? तिने कधी वाचलं तर? म्हणून मेघ आणले, आकाश आणलं. चौकीच्या पहिल्या अहवालात त्याचं झालं 'किरकोळ कौटुंबिक मतभेद, धमकी अस्पष्ट'. मिठूचा अर्ज साहेबांमुळे लांबला नाही, दौऱ्यामुळे नाही. मी घातलेल्या झाकणाने लांबला. नवा अर्ज तिने स्वतः लिहिला. चार ओळी. तो आता एका कारणावाचून अडला आहे.

तुम्ही विचाराल, तुम्हाला तरी पोरीच्या हातात ते हवंय का? नाही. मला ते दुसऱ्या कुणाच्याही हातात नको होतं. पण ज्याच्या हातात आहे त्याला कुणी काही विचारत नाही, आणि जिच्याकडे काही नाही तिला खुर्चीत बसवून सगळं विचारतात.

पाकिटाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात पत्ता लिहिला आहे. वाचून फाडा. माझं मागणं काय आहे ते तुम्ही ओळखलं असेल. लिहायला हात धजत नाही.

आपला,
व्याही



मंगळवार, ९ सप्टेंबर

तुला काय म्हणून लिहू? विहीणबाई म्हणून दोनदा लिहून बघितलं. आज वर्गात म्हणायचो तसं 'अगं' म्हणतो. नंतर हवं तर रागव.

अगं, जबाब दे. चौकीत जा, हवालदाराला सांग की माझ्या मुलाने माझ्यासमोर, माझ्या घरात, माझ्या सुनेला मारायची धमकी दिली आणि मी ती या कानांनी ऐकली. एवढंच. मागच्या पत्रात चार पानं भरली आणि हेच लिहायचं टाळलं. आता लिहिलं.

तू म्हणशील, तो पोटचा आहे. आहेच. मी कोण तुला सांगणारा? पण तू त्याच्याबरोबर एका घरात राहतेस, आणि त्या पातेल्यावर रोज झाकण ठेवतेस. तुझी काळजी मला वाटत नाही असं समजू नकोस. मिठू निघाली तेव्हा तिने तुला चल म्हटलं होतं. तू म्हणालीस, "भात लागेल." हे मला तिने परवा सांगितलं.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगतो.

मागच्या सोमवारी मी कचेरीत बसलो होतो. माझ्या पाटीखाली. आणि तो आला. त्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. कारकून उठून उभा राहिला. दागिन्यांचा माल घेऊन गावोगाव फिरणारा माणूस, त्याचं कारण सगळ्यांना पटलेलं. आतून खुर्ची आली. माझा बाक अजून ऊब धरत होता तेवढ्यात त्याचं काम होऊन गेलं. मग त्याने मला बघितलं. अगदी घरच्यासारखा जवळ आला.

"बाबा! इथे कुठे तुम्ही? आणि हे काय, किती वाळलात!"

मी म्हटलं, "सहज."

"चला, सोडतो तुम्हाला. या उन्हात बसची वाट कसली बघता?"

मी नको म्हणायला हवं होतं. नको हा शब्द मला रंगवता येतो, बोलता येत नाही. चारचौघांत जावयाला तोडून कसं बोलायचं, कारकून बघतोय, रांग बघतेय, असं मनात आलं, आणि मी त्याच्या गाडीत बसलो. ज्या माणसापासून पोरगी लपवायची म्हणून घर बदललं, त्याच माणसाच्या गाडीत. भीड, दुसरं काही नाही. वाटेत तो चांगलं बोलला. तुझं बोलला, गुडघे दुखतात म्हणाला. आपली कविता त्याला येते, तुला माहीत आहे? पहिली ओळ त्याने म्हटली आणि दुसरी मला म्हणायला लावली. मी म्हटली गं. त्याच्याशेजारी बसून मी ती म्हटली.

तेवढी अक्कल शिल्लक होती की दोन गल्ल्या आधी उतरलो. "इथेच, इथेच," म्हटलं. तो हसला. मी चालायला लागलो, टायरवाल्याच्या वळणावर पोचलो, आणि मागून हाक आली. "बाबा, छत्री!" छत्री घेऊन तो पायी मागे आला होता. फाटकापर्यंत आला. माझ्या हातात छत्री दिली, दाराकडे बघितलं, कड्यांकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. म्हणाला, "तळमजला घेतलात ते बरं केलंत. जिना चढायला नको."

आठवडाभर मी हे पोटात ठेवलं. मिठू कामाला जायची, यायची, आणि मी तिच्या पावलांचा आवाज वळणापासून ऐकत बसायचो. आज सकाळी सांगितलं. वाटलं, ती ओरडेल. ती डबा भरत होती. तो तिने तसाच रिकामा केला, भाजी परत पातेल्यात ओतली.

"गाडीत गार वाटलं असेल," म्हणाली.

मग तिने लॅबला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघांनी मिळून कपाट ढकलत नेऊन मागच्या खिडकीला लावलं. समोरच्या खिडकीपाशी माझं टेबल आहे, तिथे लावायला दुसरं कपाट नाही. दुपारी ती चौकीत जाऊन आली. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं म्हणे. सासऱ्यांना घरी सोडलं आणि छत्री आणून दिली, हेही लिहून घेऊ का, असं विचारलं. थट्टेने नाही, त्याला खरंच कळेना.

तर असं आहे. आता नवीन जागा शोधायला बळ नाही, आणि शोधली तरी तिथेही मीच असणार. परवाना आला तरी मिठू ते हत्यार कधी आणणार, कुठे ठेवणार, आणि तो दारात उभा राहिला तर तिचा न हलणारा हात खरंच हलणार नाही का, यातलं मला काही माहीत नाही. पण तिने मागितलेली एवढी एकच गोष्ट आहे. लहानपणी पाटीवर चित्र काढून मागायची. चिमणी काढा, बाबा. झाड काढा. आता ती माझ्याकडे काही मागत नाही. ती फक्त सरकारकडे मागते, आणि सरकार तुझ्याकडे बोट दाखवतं.

संध्याकाळ झाली आहे. टायरवाल्याने यंत्र बंद केलं की इथे एकदम शांत होतं, आणि त्या शांततेची आता मला भीती वाटते. दिवा लावलेला नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडावर लिहितोय, म्हणून ओळी वरखाली झाल्या तर

दार वाजलं.

मिठू स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी आहे. तिने बोट ओठांवर ठेवलंय. मी श्वाससुद्धा

परत वाजलं. टक्. ठोक, ठोक.

मी पडद्याची कड उचलून बघितली. आता मिठू एकेक कडी काढतेय. वरची गंजली आहे, तिला वेळ लागतो. तेवढ्यात हे लिहून घेतो.

बाहेर तू उभी आहेस. एकटी. पायांत चपला नाहीत. एका हाताने दार वाजवतेस आणि दुसऱ्याने छातीशी एक पातेलं घट्ट धरलं आहेस. त्यावर काळ्या मुठीचं झाकण आहे, आणि त्या झाकणावर तुझी हनुवटी दाबलेली आहे. भाताचं पातेलं कुणी असं धरत नाही.

तू रस्त्याकडे वळून बघते आहेस. वळणावर अजून कुणी दिसत नाही.

हे पत्र आता टपालात जायचं नाही. तरी सही करतो. बिनसहीचा कागद परत येतो, एवढं मी त्या खिडकीपाशी बसून शिकलो आहे. आणि उद्या चौकीत नेण्यासारखं या घरात आता दोन माणसांचं काहीतरी असेल. तुझं तू ठेव पुढे. माझं हे.

शेवटची कडी निघाली. ये. आत ये, आणि दार मला लावू दे.

तुझा,
मागच्या बाकावरचा